हाडीमाशी खिळलेले शिसे

गेल्या पौषात चोपडा आणि यावल यांच्या मधल्या पट्ट्यात, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याच्या कडेला एक नर रोही (नीलगाय) मरून पडला होता. रात्री केव्हातरी त्याला वाहनाची धडक बसली असावी. सकाळी वनरक्षकाचा फोन आला, पंच जमले, पंचनामा झाला आणि पशुवैद्यक म्हणून मी शवविच्छेदन केले. बरगड्या मोडल्या होत्या, छातीत रक्त साचले होते. मृत्यूच्या कारणाबद्दल शंकेला जागा नव्हती. तरीही रीतीप्रमाणे यकृताचा, मूत्रपिंडाचा आणि पोटातील चाऱ्याचा नमुना बरण्यांत भरून लाखेचे सील केले, सह्या झाल्या आणि दुपारी बाराच्या सुमारास लाकडे रचून ते धूड पेटवून देण्यात आले.

आग विझत आली तेव्हा मागच्या पायाची नळी राखेत पांढरी होऊन तडकलेली दिसत होती. दातांची झीज पाहून त्याचे वय मी अहवालात आठ ते नऊ वर्षे असे लिहिले होते. या आठ-नऊ वर्षांत त्याने कोणत्या मातीतले गवत खाल्ले, कोणत्या नाल्याचे पाणी प्यायले आणि त्या चाऱ्यापाण्यातून त्याच्या अंगात किती शिसे गेले, याची जी नोंद त्याच्या शरीराने जन्मभर जपली होती, ती त्या नळीत होती. ती आमच्या डोळ्यांदेखत जळून गेली. बरण्यांत भरलेल्या नमुन्यांतून तिची भरपाई होण्यासारखी नव्हती, कारण यकृत अलीकडचे सांगते आणि हाड आयुष्याचे सांगते.

ही गोष्ट मला इतकी का लागते, ते सांगायचे तर बावीस वर्षे मागे जावे लागेल. नोकरीचे दुसरे वर्ष होते. एका गावातून आप्पांचा, म्हणजे एका वयस्कर शेतकऱ्याचा निरोप आला की बैल वेड्यासारखे करतो आहे. मी पोहोचले तेव्हा बैल गव्हाणीच्या भिंतीला कपाळ टेकवून, जोर लावून उभा होता. तो दात करकर वाजवत होता, तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांसमोर हात नेला तरी पापणी लवत नव्हती. त्याला दिसत नव्हते. मला प्रथम रेबीजची शंका आली आणि मी सगळ्यांना लांब केले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो झटके येऊन मेला. पोट उघडले तेव्हा जाळीपोटाच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घरांत करड्या रंगाच्या, नखाएवढ्या, जड चकत्या अडकलेल्या सापडल्या. मी एक चकती बोटांनी वाकवली, ती सहज वाकली आणि वाकवलेल्या जागी चकाकली. ते शिसे होते. बांधावरच्या निंबाखाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फुटून पडली होती आणि तिच्या पत्र्यांवरचा चुरा बैलांनी चाटला होता. शिशाच्या क्षारांना गोडसर चव असते. जनावर एकदा चाटू लागले की तिथून हलत नाही.

आप्पांचा दुसरा बैलही चाटत होता, पण त्याने कमी खाल्ले होते. त्याला शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे कॅल्शियम ईडीटीए शिरेतून दिले, थायामिनची म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली आणि पोटातले शिसे न विरघळणाऱ्या स्वरूपात बाहेर पडावे म्हणून एप्सम सॉल्ट पाजले. तो वाचला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा नांगराला जुंपला गेला आणि मी त्या प्रकरणाची फाइल समाधानाने बंद केली. बैल बरा झाला म्हणजे विष निघून गेले, अशी माझी तेव्हाची समजूत होती. ती चुकीची होती आणि ती चुकीची आहे हे मला कळायला बरीच वर्षे लागली.

शिसे रक्तात फार काळ थांबत नाही. माणसाच्या रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते. त्यातले काही लघवीवाटे जाते, पण बरेचसे हाडात जाऊन बसते. हाडाचा कठीण भाग हायड्रॉक्सिॲपटाइट नावाच्या, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा बनलेला असतो. शिशाच्या आयनाचा विद्युतभार कॅल्शियमइतकाच आणि आकारही त्याच्या बराच जवळचा असल्यामुळे हाड बांधणाऱ्या पेशींना हा पाहुणा ओळखू येत नाही आणि त्या त्याला कॅल्शियमच्या जागी बसवून टाकतात. प्रौढ माणसाच्या अंगातील एकूण शिशापैकी ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत आणि दातांत असते, आणि नळीसारख्या घट्ट हाडातून ते निम्म्याने कमी व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. आता रानडुकराचा विचार करावा. ज्या प्राण्याचे सारे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, त्याच्या हाडात बसलेले शिसे त्याच्या हयातीत निघून जाण्याची वेळच येत नाही. मराठीत आपण एखादी गोष्ट हाडीमाशी खिळली असे म्हणतो. शिशाच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा आहे. फरक एवढाच की माशी ते थोडे खिळते आणि हाडी फार.

हाडात बसलेले शिसे तिथे निपचित पडून राहिले असते, तर त्याचे इतके भय नव्हते. परंतु हाड ही जिवंत गोष्ट आहे. ते सतत थोडे मोडते आणि थोडे नव्याने बांधले जाते. बरगडीचा किंवा मणक्याचा आतला जाळीदार भाग लवकर बदलतो, नळीची जाड भिंत सावकाश बदलते. मादी गाभण राहिली, पिलाला दूध पाजू लागली, चारा आटून तिची उपासमार झाली, की शरीर हाडातले कॅल्शियम उसने घेते, आणि त्याबरोबर वर्षांपूर्वी बसलेले शिसेही सुटून रक्तात येते. तिथून ते वारेमार्फत गर्भात जाते आणि दुधातही उतरते. चैत्र-वैशाखात सातपुड्याच्या पायथ्याला पाण्यासाठी वणवण करणारी, हाडे वर आलेली चिंकारा किंवा रोहीची मादी दिसते, तेव्हा तिच्या पोटातल्या जिवाला आईने कधीकाळी खाल्लेल्या विषाचा वाटा त्याच दिवसांत मिळत असतो, हा विचार मला सोडत नाही.

हे शिसे येते कुठून, असे गावात कोणीही विचारते आणि ते विचारणे योग्यच आहे, कारण खानदेशात शिशाची खाण नाही. भारतात शिसे घातलेले पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याआधी कित्येक दशके ते रस्त्यांच्या कडेला धुरातून सांडत होते आणि शिसे मातीच्या वरच्या थरात धरून राहते, पावसाने सहजासहजी खाली वाहून जात नाही. रस्त्याकडेचे गवत म्हणून आजही निर्दोष मानता येत नाही. जुन्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. म्हसोबाला आणि मारुतीला आपण जो शेंदूर वाहतो, तो परंपरेने शिशाचे ऑक्साइडच आहे आणि बांधावरच्या देवाच्या अंगावरचे त्याचे पोपडे दर पावसाळ्यात गळून पडतात. मी श्रद्धेबद्दल बोलत नाही. मीही पोळ्याला बैल ओवाळते आणि त्याची शिंगे रंगवलेली पाहून मला आनंद होतो. पदार्थ कोणता आहे, एवढेच सांगते.

पण माझ्या मते आज सर्वांत जवळचा उगम बांधावर पडलेली बॅटरीच आहे. ट्रॅक्टरची बॅटरी भंगारवाला तरी नेतो. पाठीवरच्या फवारणी पंपातली बारा व्होल्टची लहान बॅटरी मात्र दोन-तीन हंगामांत दम तोडते, तिला भंगारात फारसे मोल येत नाही, आणि ती विहिरीच्या काठावर, ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या ढिगात किंवा नाल्यात पडून राहते. उन्हाने प्लास्टिक तडकते. आतल्या पांढुरक्या चुऱ्याभोवती मी मुंगसाच्या आणि रानडुकराच्या पायांचे ठसे पाहिले आहेत. बॅटरीच्या कचऱ्यासंबंधी २०२२ चे नियम आहेत, ते वाचण्यासारखे आहेत. बांधापर्यंत ते अजून यायचे आहेत.

या साऱ्या प्रकारात मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती हाडे खाणाऱ्यांची. सातपुड्याच्या उतारावर, मुरमाच्या उघड्या टेकाडांवर तरसाची विष्ठा सापडते. ती वाळली की खडूसारखी पांढरी होते आणि हातात चुरली तर तिचे पीठ होते, कारण ती बहुतांशी हाडांची माती असते. घुबड उंदीर गिळते, पण हाडे-केसांचा गोळा ओकून टाकते, त्यामुळे उंदराच्या हाडातले शिसे बरेचसे बाहेरच राहते. तरसाचे तसे नाही. तो हाड फोडतो, गिळतो आणि त्याच्या पोटातले आम्ल ते विरघळवते. म्हणजे इतरांनी वगळलेला, विषाने सर्वांत भारलेला भाग त्याच्या ताटात येतो. साळिंदर तर शाकाहारी. कंद, साली, पडलेली फळे हे त्याचे अन्न. तरी ते वाळलेली हाडे आणि गळलेली शिंगे ओढत आपल्या बिळात नेते आणि रात्र रात्र कुरतडते, कारण त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस हवे असते आणि वाढते दात झिजवायचे असतात. रावेर तालुक्यातल्या पाल भागात एका बिळाच्या तोंडाशी मी बैलाच्या नळीचा तुकडा पाहिला होता. त्याच्या कडेवर पटाशीने कोरल्यासारख्या, एकाशेजारी एक, सरळ खाचा होत्या. गावकुसाबाहेर ढोरे टाकतात त्या जागेवरून तो आला असणार. आप्पांचा तो मेलेला बैलही अशाच जागी टाकला गेला होता. मी तेव्हा त्याला खोल पुरायला सांगितले नाही. मला सुचले नाही, आणि आज वाटते की सुचायला हवे होते.

कॅडमियमची गोष्ट निराळी आहे. तो धातू हाडात फारसा साठत नाही, मूत्रपिंडात आणि यकृतात साठतो, पण शेवटी मोडते ते हाडच. मूत्रपिंड बिघडले की शरीराला ड जीवनसत्त्व कार्यक्षम स्वरूपात मिळेनासे होते, फॉस्फेट आणि कॅल्शियम लघवीतून जाऊ लागते आणि हाडे मऊ पडतात. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकत असे. वरच्या अंगाच्या खाणीतून येणाऱ्या कॅडमियममुळे तिथल्या, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या वयस्कर स्त्रियांची हाडे खोकल्याच्या उबळीनेही मोडत. त्या आजाराला लोकांनी ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे नाव दिले आणि १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला.

खानदेशाशी याचा संबंध खताच्या गोणीतून येतो. फॉस्फेटयुक्त खते ज्या खडकापासून करतात, त्या खडकात कॅडमियम अंशरूपाने असते. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांत एक किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे ६० मिलिग्रॅम अशी कॅडमियमची मर्यादा लागू केली आहे. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि केळीइतके भरपूर खत मागणारे दुसरे पीक आमच्याकडे क्वचितच असेल. या बागांत रात्री रानडुकरे शिरतात आणि कंद उकरून खातात. डुकराच्या पोटात कंदाबरोबर मातीही जाते, आणि रानटी प्राण्यांच्या अंगात धातू जाण्याचा तो एक मोठा मार्ग आहे. वेल्समधील जुन्या, सोडून दिलेल्या शिशाच्या खाणींभोवती १९७०च्या दशकात लहान सस्तन प्राण्यांचा अभ्यास झाला, आणि अशा दूषित जागांवर वारंवार आढळले आहे ते असे की गवत खाणाऱ्या उंदरांपेक्षा त्याच जागेवरच्या, गांडुळे आणि किडे खाणाऱ्या चिचुंद्र्यांच्या अंगात धातू अधिक असतात. गांडुळाच्या पोटात मातीच असते. केळीच्या बागेतली चिचुंद्री दिसली की लोक नाक मुरडतात. माझ्या मते त्या मातीबद्दल तिच्याइतके कोणी सांगू शकणार नाही.

हाड वाचण्याची ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत सेंट लुई शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले गेले. त्यांची संख्या तीन लाखांवर गेली आणि अणुचाचण्यांतून उडालेले स्ट्रॉन्शियम-९० गवतातून गाईच्या दुधात व दुधातून मुलांच्या दातांत कसे चढत गेले, ते त्यातून सिद्ध झाले. स्ट्रॉन्शियमही कॅल्शियमच्याच वाटेने हाडात शिरतो. पृथ्वीचे वय मोजणारे क्लेअर पॅटरसन यांनी सहकाऱ्यांसह १९७९ साली पेरूमधील प्राचीन सांगाड्यांतील शिसे मोजून दाखवले, की त्या लोकांच्या तुलनेत आजच्या अमेरिकी माणसाच्या हाडात शेकडो पट शिसे आहे. जर्मनीत उवे आणि हॉर्स्ट कीर्डॉर्फ यांनी हरणांच्या शिंगांतील शिसे आणि फ्लोराइड वर्षानुवर्षे मोजले. सांबरासारख्या हरणाची शिंगे म्हणजे हाडच; ती दरवर्षी गळतात आणि काही महिन्यांत नव्याने वाढतात, म्हणून प्रत्येक जोडी त्या एका वर्षाची साक्ष देते.

आपल्या यावल अभयारण्यात, जे १९६९ साली घोषित झाले आणि सुमारे १७७ चौरस किलोमीटर पसरले आहे, सांबर आहे. सांबराची शिंगे उन्हाळ्याच्या सुमारास गळतात आणि पावसाळ्यात मखमली कातडीखाली नवी वाढतात. एवढे शिंग थोड्या अवधीत उभे करण्यासाठी नर आपल्या बरगड्यांतलेही कॅल्शियम काढतो, तेव्हा शिंगात त्या हंगामाबरोबर थोडे मागचेही उतरते. जनावराला धक्का न लावता मिळणारी ही नोंद आहे. मात्र गळलेले शिंगही उचलून घरी नेता येत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ती सरकारी मालमत्ता आहे. हा नियम योग्यच आहे. तो नसता तर शिंगांच्या निमित्ताने सांबरे मारली गेली असती. म्हणूनच हे काम वन विभागाच्या हातूनच व्हायला हवे.

रानात पडलेल्या जुन्या हाडाचा या कामी फारसा उपयोग नसतो. जमिनीत राहिलेले हाड मातीतले धातू शोषून घेते आणि मग प्राण्याचे कोणते व मातीचे कोणते ते वेगळे करणे कठीण होते. नमुना ताजाच हवा, म्हणजे शवविच्छेदनाच्या वेळी घेतलेला. तो नेहमी एकाच जागेचा हवा, कारण एकाची बरगडी आणि दुसऱ्याची नळी यांची तुलना होत नाही. मगज काढून, मांस खरवडून, फॉर्मॅलिनमध्ये न बुडवता तो स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. प्रयोगशाळेत तो साधारण ४५० अंश तापमानाला जाळून राख करतात, कारण उष्णता फार वाढली तर शिसे उडून जाण्याची भीती असते. ती राख नायट्रिक आम्लात विरघळवून ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर मोजतात. आणि वय लिहायलाच हवे. म्हाताऱ्या जनावरात शिसे अधिकच असणार. दोन वर्षांच्या पाडसाच्या हाडात तेवढेच सापडले, तर ती धोक्याची घंटा आहे.

चार वर्षांपूर्वी मी एका नमुन्याबरोबर हाडाचा तुकडाही पाठवला होता. तो परत आला. छापील तक्त्यात हाडाला रकाना नव्हता, म्हणून स्वीकारता येत नाही, असे सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते. मला त्याचा फार राग आला आणि तो राग अजून गेलेला नाही. जिवंत जनावर मेल्यावर त्याच्याकडून मिळणारी ही शेवटची माहिती होती आणि ती एका रकान्यापायी नाकारली गेली.

आप्पांचा दुसरा बैल त्यानंतर सात वर्षे जगला. तो म्हातारा होऊन गेला तेव्हा आप्पांनी स्वतः फोन केला. त्याची डावी नळी मी मागून घेतली. पाळीव जनावराची असल्यामुळे त्यात कायद्याची अडचण नव्हती. “मॅडम, एवढं हाड कशाला?” असे त्यांच्या मुलाने विचारले, तेव्हा आप्पाच म्हणाले, “बॅटरी खाल्ली होती ना त्याने.” ती नळी आजही माझ्या कपाटात आहे, आणि नव्या उमेदवारांना हे सारे समजावून सांगताना मी ती त्यांच्या हातात देते. दिसायला ती कोणत्याही बैलाच्या नळीसारखीच आहे. त्यांना तिच्यात काहीच दिसत नाही, आणि तेच मला त्यांना दाखवायचे असते.

रोहीच्या त्या दुपारनंतर मी वनाधिकाऱ्यांना एक पानी पत्र लिहिले. प्रत्येक शवविच्छेदनात डाव्या मागच्या पायाच्या नळीचा चार बोटे लांबीचा तुकडा वेगळा काढावा, तो इतर नमुन्यांप्रमाणेच पंचांसमोर सीलबंद करावा आणि मोजणीची सोय होईपर्यंत विभागाच्याच ताब्यात, कुलुपात ठेवावा, एवढेच त्यात होते. तोंडी होकार आला.

माघात एक तरस रस्त्यावर मेलेला सापडला. मी पोहोचले तेव्हा वनरक्षकाने जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि पेन्सिल आधीच काढून ठेवली होती. शाई पाण्याने पुसते, हे मागच्या वेळी बोलता बोलता मी सांगितले होते. लाकडे रचायला घेतलेल्या माणसांना त्याने हाताने थांबवले आणि मला विचारले, “मॅडम, नळी नेमकी कुठून कापायची?” मी डाव्या पायाशी बसले, सांध्यापासून बोटांनी मोजले आणि जागा दाखवली. त्याने चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, नर आणि अंदाजे वय लिहिले.